सातबाऱ्याला पाणी, माणसाला फोटो

मागच्या पावसाळ्यात घोडेगावच्या स्टँडासमोर चहा पीत उभा होतो. सहा मोटारसायकली येऊन थांबल्या. दोन गाड्यांवर निळ्या अक्षरात 'जय भीम'. म्हणजे आपलीच पोरं. मीही जय भीम घातला. कुठं निघालात विचारलं.

'डिंभ्याला, दादा. तळी एक्सप्लोर करायची. आज डिंभं, उद्या माणिकडोह, जाताना पिंपळगाव जोगे. व्ह्यू एकदम जबरदस्त आहे.'

'पाण्यात उतरणार का?'

पोरं हसली. 'छे, उतरू देत नाहीत म्हणे. लांबूनच फोटो काढायचे नि निघायचं.'

लांबूनच. हा शब्द त्या पोराच्या तोंडून सहज आला आणि सहजच गेला. माझ्या मात्र घशात अडकला. च्यायला, आमच्या आज्ज्यालासुद्धा पाणी लांबूनच बघायला लागत होतं की! फरक एवढाच की त्याच्या हातात मडकं होतं आणि याच्या हातात मोबाईल.

म्हणून हे लिहितोय. त्या सहा जणांसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. रागावून लिहितोय, पण राग परक्यावरचा नाही, घरातल्यावरचा आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, चळवळवाल्यांना सौंदर्याचं वावडं. आपल्या माणसानं डोंगर बघू नये, धुकं बघू नये, असं सांगणारा मी कोण? आमच्या बापजाद्यांनी डोंगर पाहिला तो डोक्यावरच्या मोळीखालून. मान वर करून पाहायची सवड त्यांना कुणी दिली नाही. तेव्हा त्यांचा नातू स्वतःच्या कमाईची गाडी घेऊन घाटात उभा राहतो, हवा खातो, याचा मला आनंदच आहे. बघ. पोटभर बघ. पण बघणारे डोळे कुणाचे आहेत, ते तरी एकदा तपासून घे. डोळे तुझे आणि नजर त्यांची, असं झालंय गड्या.

त्यांची नजर म्हणजे कोणती? ज्याच्या घरात नळ आहे त्याची. त्याला पाणी म्हणजे देखावा. आपल्याला पाणी म्हणजे काय, हे २० मार्च १९२७ ला महाडात ठरलेलं आहे. त्या दिवशी बाबासाहेब हजारोंचा जमाव घेऊन चवदार तळ्यावर गेले ते तळ्याची शोभा पाहायला नाही. पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, प्यायले. त्याआधी १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झालेला होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केलेला होता. कागदावर तळं खुलंच होतं. पण कागदाला ओलावा नसतो. ओलावा आला तो माणसं पायऱ्या उतरली तेव्हा.

आणि मग काय झालं? सवर्णांनी माणसं झोडपली, तळ्यात शेणगोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं आणि कोर्टात गेले. कोर्टात त्यांचं म्हणणं काय होतं, हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. म्हणाले, तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या मालकीचं, अस्पृश्यांना तिथं मज्जाव करायची आमची जुनी रूढी. दहा वर्षं हा खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं तुमची रूढी शाबीत झाली नाही म्हणून त्यांचं अपील फेटाळलं. म्हणजे महाडचा प्रश्न नुसता तहानेचा नव्हता. बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलंय की त्या पाण्यावाचून आपण काही मरत नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला गेलो होतो. प्रश्न होता, तळं कुणाचं?

तोच प्रश्न घेऊन आता डिंभ्याच्या भिंतीवर उभे राहा.

घोड नदी आहुप्याच्या बाजूला उगवते, डोंगरातून खाली येते आणि डिंभ्याला अडते. साडेतेरा टीएमसीचं धरण. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातला, म्हाळुंगे पडवळचा. गरिबाचं पोर, मुंबईत गिरणीत राबणारं. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवं झालं आणि चिरडलं गेलं. नाव गिरणी कामगाराचं. छान आहे. पण पाणी कुणाचं? नाव गरिबाचं आणि माल शिरीमंताचा, हा आपल्या देशातला जुनाच धंदा आहे. बाबासाहेबांच्या नावानं काय काय चालतं ते बघतोच आपण.

आता दुसरी गंमत ऐका. तालुका आंबेगाव. कचेरी घोडेगावला. मग आंबेगाव कुठाय? आंबेगाव पाण्याखाली आहे. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते गाव तुमच्या 'व्ह्यू'च्या तळाशी बसलंय. त्याच्यासंगं आजूबाजूची गावं, भाताची खाचरं, चिंचा-आंबे, मसणवटे, सगळं गेलं. उन्हाळ्यात पाणी खूपच उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात, देवळाचे दगड दिसतात. मग पेपरात फोटो येतो आणि शहरातली मंडळी तो बघायला गाड्या काढतात.

वर काय येतं, तेवढं बघा. दगडाचं वर येतं. कुडाचं आणि मातीचं वर येत नाही. माती पाण्यात विरघळते. गाव तिथं म्हारवाडा, ही म्हण काही आपण केलेली नाही. गावं बुडाली तेव्हा गावकुसाबाहेरचंही बुडालंच. देवाचे चिरे दर दुष्काळात हजेरी लावून जातात. आमच्या भिंती एकदा गेल्या त्या गेल्या. आता ज्याच्या भिंतीच उरल्या नाहीत त्याचा फोटो कसा काढणार?

आणि मोबदला? मोबदला १८९४ च्या इंग्रजांच्या कायद्यानं. ज्याचा जमिनीत हक्क, त्याला पैसा. ज्याचा हक्क नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर राबून भाकरी खातो, त्याचं कायद्याच्या लेखी काहीच बुडत नाही. त्याचा बांध बुडतो, मालक बुडतो, सुगीचं धान्य बुडतं, सरपण बुडतं, पण सातबारा कोरा, म्हणून नुकसान कोरं. भूसंपादनात भूमिहीनाच्या रोजीरोटीचाही विचार करायला या देशाचा कायदा २०१३ साल उजाडेपर्यंत थांबला. तोवर महाराष्ट्रातली बहुतेक धरणं भरून वाहून गेली होती.

म्हणाल, आपल्याकडं वतनाच्या जमिनी होत्या की. होत्या. गावकीची गुलामगिरी आणि तिच्या बदल्यात तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं ते हे जोखड मोडायला. शेवटी १९५८ साली वतनं खालसा करायचा कायदा झाला. आणि झाल्यावर जमीन परत घ्यायची तर सरकारात पैसे भरा, आणि मिळेल ती नव्या शर्तीनं मिळेल. म्हणजे आमच्याच रक्ताघामाची जमीन आम्हाला अटी घालून. ज्यांना भरता आलं नाही ते गेले. हे दादासाहेब गायकवाडांना कळलं होतं. म्हणून १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. जमिनीचा प्रश्न त्यांनी चळवळीच्या मधोमध ठेवला. आज तो कुठं आहे? पुतळ्याच्या चौथऱ्याखाली.

आता कुणी शहाणा विचारेल, मग काय, धरणं नको होती का? नाही बाबा. असलं बोलू नका. आम्ही बाबासाहेबांची लेकरं आहोत, धरणाला शिव्या घालणाऱ्या रोमँटिक लोकांची नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मजूर खात्यासंगं पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडं होते. दामोदर खोऱ्याची योजना, ओरिसातल्या नद्यांची योजना यांचा पाया त्या काळात घातला गेला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की जादा पाणी हे संकट नाही, पाणी साठवून लोकांच्या कामी लावत नाही हे संकट आहे. लोकांच्या कामी! पूर थांबावा, वीज व्हावी, शेती भिजावी, नावा चालाव्यात आणि या सगळ्यातून गरिबी हटावी. धरणाकडं बघायची ही आपली नजर. भिंत किती उंच आणि पाणी किती निळं, हे नंतर. आधी पाणी कुणाच्या कामी लागलं?

डिंभ्याचं पाणी कुठं जातं ते सांगतो. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे अशा पाच धरणांचा कुकडी प्रकल्प. तुमची 'एक्सप्लोर' करायची तळी म्हणजे या प्रकल्पाच्या टाक्या आहेत. यांचे कालवे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा एवढे फिरतात. तीन जिल्हे. कालव्याच्या काठानं ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, कारखान्यांतून पुढारी उभे राहिले. ठीक आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळालं, त्यात वाईट काही नाही. पण पाणी मिळायची अट काय? जमीन. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात 'समन्यायी' असा गोड शब्द आहे. पण कोटा कसा ठरवायचा? लाभक्षेत्रातल्या जमिनीवर. म्हणजे ज्याला दहा एकर त्याला दहा एकराचं, ज्याला एक त्याला एकाचं, आणि ज्याला काहीच नाही त्याला समन्यायानं काहीच नाही!

हाच तो मुद्दा, मित्रांनो. महाडात पाणी जातीला बांधलेलं होतं. आज ते सातबाऱ्याला बांधलंय. आणि सातबारा कुणाच्या नावानं आहे ते जातीनंच ठरवलंय. मग नवं काय झालं? तेव्हा म्हणायचे, तू अस्पृश्य, तुला पाणी नाही. आता म्हणतात, तू भूमिहीन, तुला पाणी नाही. तेव्हा निदान शिवी तरी कळत होती. आता शिवी कळत नाही, कारण ती कायद्याच्या सभ्य भाषेत आहे. आणि आपण तिच्या पाठीमागचा डोंगर बघतोय.

हे असंच असावं लागतं, दुसरं होऊच शकत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला याच पुणे जिल्ह्यात पुरंदरला न्या. विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात पाणी पंचायत सुरू केली. नियम काय? पाणी जमिनीवर नाही, माणसावर. घरात माणसं किती ते मोजा, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनाचाही पाण्यात वाटा. सांगलीकडं तांदुळवाडीच्या बळीराजा धरणात हीच गोष्ट लोकांनी लढून पुढं नेली. म्हणजे होतं. फक्त सरकारला नको आहे, आणि आपण मागत नाही.

आपण काय मागतो? इथं माझा राग येतो तो आपल्यावर. २० मार्चला महाडला जातो. गाड्या भरून जातो, जावंच. तळ्याला वंदन करतो, पाणी डोळ्याला लावतो, बाटलीत भरून आणतो. आणि २१ मार्चला घरी येऊन आपल्या तालुक्यातल्या धरणाकडं पाठ करून झोपतो. महाड तीर्थ झालं की मग लढाईची जागा राहत नाही. बाबासाहेबांनी तीर्थं मोडली, आपण त्यांच्याच लढाईचं तीर्थ केलं. चवदार तळं महाडातच आहे असं कुणी सांगितलं? ज्या ज्या पाण्यावर माणसाला लांबूनच बघायला लागतं ते ते चवदार तळं. डिंभं चवदार तळं आहे. माणिकडोह आहे.

खोटं वाटत असेल तर चैत्र-वैशाखात या. आता पावसात काय येता? सगळं हिरवं असतं, हिरव्यात सगळे गरीब झाकून जातात. उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या अंगाला पश्चिम पट्ट्यात जा. महादेव कोळ्यांच्या, ठाकरांच्या वाड्यावस्त्या बघा. खाली धरण दिसतंय आणि बाई डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याला निघालीय, नाहीतर टँकरची वाट बघत बसलीय. तिची जमीन बुडवून साठवलेलं पाणी करमाळ्यापर्यंत जातं आणि तिच्या वाडीच्या चढावर चढत नाही. एवढ्यात डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून पुढाऱ्यांची केवढी भांडणं झाली. पाणी आमच्या तालुक्याचं, पाणी तुमच्या तालुक्याचं. त्या भांडणात ही बाई कुठल्या बाजूला होती? कुणी विचारलं तिला? भांडण सातबाऱ्याचं सातबाऱ्याशी. हंड्याला आवाज नाही.

आणि ती बाई आदिवासी आहे म्हणून आपला प्रश्न नाही, असं जर कुणाच्या मनात आलं, तर त्यानं गाडीवरचं 'जय भीम' आधी पुसावं आणि मग पुढं वाचावं. तिथल्या आदिवासींनी आपल्यासारखं बसून राहणं पत्करलं नाही. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेला बरोबर घेऊन ते लढले. ज्या पाण्यानं आपली घरं बुडवली त्या पाण्यात मासे धरायचा हक्क मिळवला, त्यासाठी सहकारी संस्था काढली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीसाठी भांडले. उतारावर बांध घालून भाताची खाचरं करायची त्यांची पडकई टिकवली. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगानं दखल घेतली. आपल्या किती शाखांनी घेतली? तिथून पन्नास-साठ मैलांवर पुण्यात आपली शिबिरं होतात. किती शिबिरांत गाळपेर हा शब्द उच्चारला गेला?

या डोंगराला नुसता देखावा समजू नका. याच पाण्याच्या वरच्या अंगाला माळीण होतं. ३० जुलै २०१४, सकाळची वेळ. पावसानं फुगलेला डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं. त्यानंतर वाचलेल्यांचं गाव आमड्याला नवं वसवलं. आज पावसात त्याच रस्त्यानं गाड्या जातात, काचा खाली होतात, 'वॉव' म्हणतात. तुमच्या व्ह्यूमध्ये माणसं राहतात रे. पाऊस लागला की ती रात्रभर जागी असतात.

विलायतेतली एक गोष्ट सांगतो. वेल्सच्या डोंगरात केपल केलिन म्हणून गाव होतं. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे म्हणून १९६५ साली ते बुडवलं. तिथंही आता निळंशार तळं आहे, तिथंही लोक फिरायला जातात. पण वेल्सच्या माणसांनी रस्त्याकडच्या एका पडक्या भिंतीवर रंगानं लिहिलं की हे विसरू नका. कुणी पुसलं की पुन्हा लिहिलं, भिंत पाडली की पुन्हा बांधून लिहिलं. चाळीस वर्षांनी, २००५ साली, लिव्हरपूलला माफी मागावी लागली. भिंती आपल्याकडंही आहेत. आपल्या भिंतींवर काय लिहिलंय? 'लेक व्ह्यू प्लॉट विकणे आहे.'

आता चवदार तळ्याचा खटला आठवा. तळं आमच्या मालकीचं, असं म्हणत होते ना? धरणाच्या काठाला आज तंबू लागतात, कुंपणं पडतात, फाटकं बसतात. आज एक, उद्या दहा. काठ गेला की पाणी गेलंच समजा. पाटी सरकारची राहील, वाट मात्र खासगी होईल. १९७४ च्या कायद्यानं आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. तेव्हा काठावर गरम गरम भजी खाताना एवढं तरी विचारा, ही जागा कुणाची होती, आणि कुठल्या परवानगीनं इकडं आली?

तर त्या सहा जणांना, आणि तुम्हाला, माझं सांगणं एवढंच. डिंभ्याला जा. पण पुढच्या खेपेला जाताना घोडेगावला थांबा. तिथं तहसील कचेरी आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला दहा मिनिटं लागतात, दहा रुपये लागतात. चार गोष्टी मागा. धरणग्रस्तांची यादी, त्यात भूमिहीन किती, आणि पुनर्वसन कुणाचं झालं, कुणाचं राहिलं. यंदा गाळपेर जमीन कुणाकुणाला दिली त्यांची नावं. काठावरच्या कोणत्या गटांना बिगरशेतीची परवानगी मिळाली. आणि धरणाला लागून असलेल्या किती वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागला. चार कागद हातात आले की गावात जा. आदिवासी वाडीत जा, आपल्या वस्तीत जा, दोघांना एका जागी बसवा, कागद वाचून दाखवा. मग ग्रामसभेत उभे राहा आणि एकच मागणी करा. पाणी जमिनीवर नको, माणसावर वाटा. भूमिहीनाला पाण्यात हिस्सा. तो त्यानं मासेमारीला वापरावा, गाळपेरीला वापरावा, नाहीतर दुसऱ्याला देऊन त्याचा मोबदला घ्यावा. पण हिस्सा त्याच्या नावावर पाहिजे.

लोक हसतील. म्हणतील, जमीन नाही आणि पाणी मागतोय! हसू द्या. १९२७ ला पण हसले होते, मग लाठ्या घेऊन आले. हसणं आणि लाठी यांच्या मधल्या वेळात काम उरकायचं असतं.

त्या दिवशी चहा संपवून पोरं निघाली. त्यातल्या एकानं नंतर मला फोटो पाठवला. भिंत, धुकं, मागं पसरलेलं पाणी, आणि पुढं तो, हात पसरून उभा. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी त्याला उलटा एकच प्रश्न पाठवला. तू उभा आहेस त्याच्या खाली कोणतं गाव आहे?

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. 'माहीत नाही दादा. अर्ज कसा लिहायचा ते सांगा.'

जय भीम.